उजव्या कानाची कैफियत

चहा घ्या. बसताना सोफ्याच्या मधल्या जागेवर बसा, कपडे जरा बाजूला सरकवा. मधल्या जागेचं महत्त्व पुढे येईलच. आधी उजवीकडे बघा. काय दिसतं? काही नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे. डावीकडे खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत सलग भिंत आहे. उजवीकडे बिल्डरने भिंत दिलेलीच नाही. तिथे डायनिंग सुरू होतं, ते जरा मागे जातं, मग फ्रिज, मग स्वयंपाकघर. ताबा घेताना याबद्दल आमचं अभिनंदनही झालं होतं. हॉल मोठा दिसतो म्हणे.

या हॉलमध्ये पाच स्पीकर आणि एक सबवूफर लावायचा होता. सबवूफरची अडचण नाही. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला नीट कळत नाही, त्यामुळे तो टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात सुखाने राहतो. समोरच्या तिघांचं टीव्हीच्या युनिटमध्ये भागलं. डावा सराउंड भिंतीवर गेला. उजवा सराउंड जागेच्या प्रतीक्षेत राहिला.

लोकांना वाटतं सराउंड म्हणजे पाठीमागचे स्पीकर. दुकानातल्या मुलानेही मला तेच सांगितलं: “मागच्या भिंतीला दोन कोपऱ्यांत ठोका, झालं काम.” कसं झालं? पाच स्पीकरच्या मांडणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. समोरचे दोन मध्यरेषेपासून 30 अंशांवर आणि सराउंड 100 ते 120 अंशांच्या दरम्यान. म्हणजे कानाच्या बाजूला, किंचित मागे. याला कारण आहे. समोरचा आवाज एक-दोन अंश सरकला तरी आपल्याला कळतं. बाजूला ही नजर, म्हणजे कानाची नजर, मंद होते, आणि अगदी पाठीमागचा आवाज तर कधीकधी समोरून आल्यासारखा वाटतो. पाऊस अंगाभोवती पडायला हवा असेल तर तो बाजूनेच यावा लागतो. मी मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, सोफ्यापासून दोरी ताणली आणि 110 अंशांवर खडूने खूण केली. डावीकडे ती भिंतीवर आली. उजवीकडे ती डायनिंगच्या हवेत आली.

डावीकडचा कोन साधण्यासाठीसुद्धा सोफा मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढावा लागला, हे नोंदवून ठेवतो. त्या दोन फुटांत आठवड्याभरात इस्त्रीचं टेबल, शिडी आणि कपडे वाळत घालायचा स्टँड दाखल झाला. ते असो.

स्पीकरच्या प्रकाराचाही मी विचार केला होता. डायपोल नावाचा एक प्रकार असतो. तो अर्धा आवाज पुढे आणि अर्धा मागे फेकतो, तोही परस्परविरोधी, आणि ऐकणाऱ्याच्या दिशेला मुद्दाम मुका राहतो. भिंतींवरून परतणारा आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो. पण त्यासाठी भिंती लागतात, आणि ऐकणाऱ्याच्या बरोबर दोन्ही बाजूंना लागतात. माझ्याकडे एक आहे. म्हणून साधे, एका तोंडाचे स्पीकर घेतले.

आता हक्काचा मुद्दा. घरगुती डॉल्बी सराउंड 1982 साली आलं, त्यात मागच्या बाजूला एकच वाहिनी होती, तीही 7 किलोहर्ट्झपर्यंत कापलेली. डाव्या-उजव्या कानाला सारखंच मिळायचं. चित्रपटगृहात मात्र 1979च्या ‘अपोकॅलिप्स नाउ’च्या 70 मिमी प्रतींमध्ये दोन्ही बाजूंचे सराउंड वेगळे झाले होते आणि हेलिकॉप्टर प्रेक्षकांभोवती फिरत होतं. 1992च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, आणि त्याच दशकाच्या अखेरीस डीव्हीडीने ही वेगळी उजवी वाहिनी घराघरांत पोचवली. उजव्या कानाला स्वतंत्र आवाज मिळून इतका काळ लोटला. माझ्या उजव्या कानापर्यंत त्याची अंमलबजावणी अजून नीट झालेली नाही.

पहिल्यांदा स्टँड आणला. त्याला उभं राहायला डायनिंगचं तोंड तेवढं होतं. म्हणजे ताटं घेऊन जायचा रस्ता. सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या मावशी तो उचलून बाजूला ठेवायच्या, पुसून झाल्यावर परत आणायच्या. त्यांना दोष देत नाही, रस्त्यातली वस्तू कोणीही हलवेल. पण तो परत यायचा तेव्हा कधी 95 अंशांवर असायचा, कधी 130 वर, आणि एकदा त्याचं तोंड बाल्कनीकडे होतं. मी फरशीवर काळ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या. त्यांनी त्या डाग समजून घासून काढल्या. मग भाद्रपद आला, पाहुणे आले, स्टँड बेडरूममध्ये गेला आणि तिथेच राहिला.

मग वायर. डावीकडची वायर पट्टीतून भिंतीला चिकटून गेली. उजवीकडे जायचं तर एक तर फरशीवरून रस्ता ओलांडायचा, नाही तर छतावरून वळसा घालायचा. इलेक्ट्रिशियन आला, कमरेवर हात ठेवून छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, “साहेब, वायरलेस घ्या की.” वायरलेस स्पीकरलाही विजेची वायर लागते, हे मी इलेक्ट्रिशियनला समजावून सांगत होतो. त्या बाजूला प्लग दोनच आहेत. एक फ्रिजचा, एक मिक्सरचा.

“छताला टांगा,” असं ही म्हणाली.

“जेवताना डोक्यावर?” असं आई म्हणाली.

प्रस्ताव तिथेच निकाली निघाला.

शेवटी फ्रिज उरला. आणि इथे मला कबूल करायला हवं, की मोजमाप केलं तेव्हा मी थक्क झालो. बसलेल्या माणसाचा कान साडेतीन फुटांवर येतो. सराउंड त्याच्या साधारण दोन फूट वर असावा, म्हणजे साडेपाच फूट. आमचा फ्रिज साडेपाच फूट. कोन लावला, 112 अंश. घरात नियमात बसणारी ती एकमेव जागा निघाली. आईने वरचा स्टॅबिलायझर आणि कांद्यांची टोपली विनातक्रार हलवली. वायर छतावरून वळसा घालून आणली.

उरलं अंतर. डावा सराउंड मधल्या जागेपासून चार फुटांवर, उजवा अकरा. आवाजाला एक फूट कापायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे उजवा आवाज सात मिलिसेकंद उशिरा येतो, आणि क्षीण होऊन येतो. यावर उपाय आहे. रिसीव्हरला अंतरं सांगितली की तो जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवतो, आणि लांबच्याची पातळी वाढवून द्यावी लागते. पण हा न्याय एका वेळी एकाच जागेला मिळतो. सोफ्याचं डावं टोक बाबांचं आहे, गेली कित्येक वर्षं. उजवं माझं. बाबांसाठी मोजलं तर माझं बिघडतं, माझ्यासाठी मोजलं तर बाबांचा डावा कान दुखतो. म्हणून मधली जागा धरली. मधल्या जागेवर घडी घालायचे कपडे असतात. आमच्या घरात चित्रपट जसा बनवला तसा ऐकू येण्याची जागा ती आहे. म्हणून तुम्हाला तिथे बसवलं.

अडचणी आल्याच. फ्रिजचं दार उघडलं की उजवीकडचं जंगल हलतं. पडद्यावर उजव्या मागच्या बाजूने कोणी आलं की ते स्वयंपाकघरातून येतं, आणि आम्ही सगळे वळून बघतो तेव्हा आई चहाचा ट्रे घेऊन उभी असते. “काय झालं?” ती विचारते. आगगाडी डाव्या भिंतीतून निघते आणि मिक्सरपाशी संपते. एवढ्याशी मी जुळवून घेतलं होतं.

मागच्या रविवारी ‘सैराट’ लावला. कपडे कपाटात ठेवले आणि मी स्वतः मध्ये बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. पाऊस, बाजार, माणसांचा कालवा, सगळं दोन्ही कानांना सारखं आलं. बाबासुद्धा गप्प बसले होते. मग शेवट आला. तुम्हाला माहीत आहे, ते लहान मूल दारात येतं आणि नागराज मंजुळेंनी सगळा आवाज काढून घेतला आहे. पाचही स्पीकर बंद. श्वाससुद्धा नाही. थिएटरात त्या क्षणी मी शेजारच्याचा हुंदका ऐकला होता.

डाव्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. उजवीकडे फ्रिज चालू झाला.