एक टँकर हवा

२०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात लातूरला दोन दूत होते. एक मिरजेहून रेल्वेनं पाणी घेऊन आला, तो जलदूत. दुसरा रोज आमच्या वाड्यातून निघायचा आणि कुठंच पोचायचा नाही. तो माझ्या वडिलांचा, अण्णांचा राजदूत.

लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्यानंतर दोन वर्षांनी अण्णांनी ही मोटरसायकल सेकंडहँड घेतली. या दोन घटनांमध्ये दुसरी मोठी, असं अण्णांचं प्रामाणिक मत आहे. १७५ म्हणायची, भरायची १७३ सीसी. तीन गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायचं, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली की आई चहाचं आधण ठेवायची. मूळ अवतार पोलंडचा. तिकडच्या एसएचएल कंपनीच्या एम ११ या गाडीवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं १९६२ पासून राजदूत काढली. पोलंड आणि महाराष्ट्र म्हटलं की लोकांना दुसऱ्या महायुद्धातली कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी आठवते. तिथले पोलिश लोक १९४८ पर्यंत गेले. आमच्याकडं आलेली ही पोलिश बाई मात्र इथंच राहिली, धोतरवाल्यांना आणि दुधाच्या कॅनना पाठीवर घेत.

तर २०१६ च्या त्या उन्हाळ्यात तिनं दुखणं काढलं. सुरू व्हायची झोकात. एक-दीड किलोमीटर गेलं की ॲक्सिलरेटर पिळावा तसा जोर कमी व्हायचा, मग मिसिंग, मग सायलेन्सरमधून काळा धूर, आणि शेवटी पेट्रोलचा भपकारा सोडून गप. प्लग काढून बघावा तर चुलीतून काढल्यासारखा काळा. पुसून बसवला की पुन्हा एक-दीड किलोमीटर.

आता मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, आणि तेही लातुरात. कार्बोरेटर हा माझ्या हातखंडा विषयांपैकी. दरवर्षी फळ्यावर व्हेंचुरीची नळी काढतो, मध्ये चिमटलेली. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबाकडं खालून पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. पोरांना पटावं म्हणून इस्त्रीवाल्याचं उदाहरण देतो. तोंडात पाणी घेऊन तो शर्टावर फुर्र करतो ना, थेंब कसे बारीक होऊन सगळीकडं बसतात? कार्बोरेटरचं कामही तेच, पेट्रोलचं फुर्र करायचं. (अरुंद जागेत वेग वाढतो हे दिवाळीत कापड लाइनमध्ये साफ खोटं ठरतं, पण तो प्रश्न परीक्षेत येत नाही.) एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, हेही मी दर बॅचला दोनदा लिहून घेतो.

इतकं ज्ञान असल्यावर गाडी मिस्त्रीकडं न्यायची लाज वाटते. शिवाय गल्लीत सल्लागारांचा तुटवडा नव्हता. मार्चपासून पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावलेलं. चारपेक्षा जास्त माणसं जमतील अशी गल्लीत एकच जागा उरली होती, ती म्हणजे माझ्या राजदूतभोवती.

"काय करूलालाव सर?"

"कार्बोरेटर साफ करतोय."

"कचराच आसंल. टाकी झाडून घ्या."

गावातल्या गंजगोलाई चौकाला सोळा रस्ते येऊन मिळतात; माझ्या कार्बोरेटरला तितकीच निदानं मिळाली. जेट मोठा झालाय. फ्लोटला भोक पडलंय. पिनची बैठक झिजलीय म्हणून ओव्हर होऊलालंय. पेट्रोलच भेसळीचं. कॉइल गेली. एकानं तर जेटमध्ये सुई घालून बघा म्हटलं. मी शहाण्यासारखा नको म्हणालो, कारण पितळेचं ते भोक मोहरीहूनही बारीक आणि मऊ, सुईनं ते मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर जास्तच पिते. मी जेटला हवा मारली. सायकलच्या पंपानं. आणि उजेडाकडं धरून एक डोळा मिटून बघितलं. जेटमधून आरपार आभाळ दिसलं की काय समाधान वाटतं म्हणून सांगू! एप्रिलमधलं लातूरचं आभाळ, त्यात दुसरं काहीच दिसण्यासारखं नव्हतं म्हणा.

आमच्या गावात अभ्यासाचा एक पॅटर्न आहे, तो सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. उत्तर आलं नाही तर तोच पेपर पुन्हा सोडवायचा, येईपर्यंत. मी कार्बोरेटरला लातूर पॅटर्न लावला. स्लाइड काढ, सुईची क्लिप एक खाच वर, फ्लोट चेंबर पूस, पॅकिंग बदल, एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोड. दर रविवारी. आणि दर रविवारी गाडी सुधारायची! गल्लीला एक चक्कर मारून मी विजयी मुद्रेनं परत यायचो. सोमवारी कॉलेजच्या वाटेवर पुन्हा गप. सुधारणा कार्बोरेटरमुळं नव्हती, प्रत्येक वेळी सवयीनं प्लगही पुसत होतो म्हणून होती, हे लक्षात यायला मला सहा रविवार लागले. एखाद्या पोरानं प्रयोगवहीत अशी एकदम दोन बदलांची सरमिसळ केली असती तर मी शून्य दिलं असतं.

घरात दुसरंच एक प्रकरण धुमसत होतं. आधीच्या दिवाळीला तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत गेली होती. सरकारनं साठ्यावर मर्यादा आणल्या, गोदामांवर छापे पडले. तेव्हापासून अण्णा तुरीकडं सोन्याच्या नजरेनं बघायला लागले. शेतातलं घरखर्चाचं पोतं त्यांनी आडतीवर न घालता माळवदाच्या खोलीत ठेवलं, राजदूतच्या शेजारीच. आणि पोतं दिसामासानं खचत होतं. अण्णा काही बोलायचे नाहीत. फक्त माझ्या सासरचं कुणी येऊन गेलं की खोलीत जाऊन पोत्याच्या मानेला हात लावून यायचे.

१२ एप्रिलला पहाटे जलदूत येणार म्हणून मीही निघालो. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी; असलं काही उभ्या जन्मात बघितलेलं नव्हतं. बायको म्हणाली, तिकडं पाणी देत असतील तर आणा, आणि हँडलला दोन घागरी बांधल्या. राजदूत अर्ध्या वाटेत गेली. ढकलत ढकलत स्टेशनापाशी पोचलो तर तिथं घागरीत कुणी काही वाटत नव्हतं. गर्दी, हार, पोलीस आणि कॅमेरे मात्र होते. एका फोटोग्राफरनं मला बघितलं. घामानं भिजलेला माणूस, जुनाट गाडी, दोन रिकाम्या घागरी.

"काका, जरा चेहरा पडलेला ठेवा."

वेगळा पाडायची गरजच नव्हती. किती किलोमीटरवरून आलात, हे त्यानं विचारलं. मी म्हणालो, दीड, मग कार्बोरेटर चोक होतो. ते त्यानं लिहून घेतलं नाही.

परतताना रस्त्यात एक गॅरेज उघडं दिसलं. आमच्याकडचे जुने मिस्त्री बोलतात ती दखनी. निजाम गेला, भाषा राहिली. उस्ताद स्टुलावर बसून चहा फुंकत होते. मी सगळा इतिहास सांगितला, जेटपासून आभाळापर्यंत. त्यांनी ऐकता ऐकता प्लग काढला, अंगठ्यानं काजळी पुसली आणि विचारलं, "कित्ते बार खोले कार्बोरेटर?"

"सहा... सात वेळा."

"इसमें क्या तकलीफ थी उसकू?"

मी व्हेंचुरीवर येणारच होतो. ते उठले, प्लग बसवला आणि कार्बोरेटरच्या मागून एअर फिल्टरच्या डबीकडं जाणारा रबरी पाइप ओढून बाजूला केला. नुसता ओढला, पाना नाही, स्क्रूड्रायव्हर नाही. किक मारली. राजदूत १९८४ सालच्या आवाजात बोलायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला, धूर नाही. तळहात त्यांनी कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर अर्धवट धरला. लगेच काळा धूर, मिसिंग. हात काढला, गाणं सुरू. हात ठेवला, काढला, ठेवला, काढला. माझ्या तीन तासिकांचा विषय त्या माणसानं तळहातावर संपवला.

"पेट्रोल का बीमार नै है सर ये. दम घुटरा."

मी हिशेब मनातल्या मनात आत्ता केला. एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोच्या आत-बाहेर. त्याला अकरा किलोच्या आसपास हवा. लिटरमध्ये म्हणाल तर नऊ हजारांच्या वर, म्हणजे जवळजवळ एक टँकर. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा टँकर किती वाजता आला, किती लिटरचा होता, आणि कुणी दोन घागरी जास्त नेल्या हे तोंडपाठ होतं. माझी गाडी लिटरमागं एक टँकर हवा मागत होती आणि तो टँकर येतो कुठून हे बघायला मी डोकं खाली घातलं नव्हतं. पेट्रोलला पैसे मोजतो, म्हणून सगळा संशय पेट्रोलवर. हवा फुकटची. गळा आवळला तरी तिच्या नावानं कोण तक्रार करतो? थंडीत चोक ओढून आपणच तो आवळतो, आणि मिनिटाभरानं सोडतो. माझ्या गाडीचा कुणीतरी कायमचा आवळून ठेवला होता.

कुणी, ते डबीचं झाकण काढल्यावर कळलं.

आधी सुतळीचा गोळा आला, गोणपाटाची. मग कापूस. मग कागदाचे कपटे, माझ्या सराव परीक्षेचे. प्रश्न क्रमांक चार अर्धा खाल्लेला होता. आणि मग उस्तादांनी डबी तिरकी केली तशी, पावसाळ्याचे पहिले थेंब पत्र्यावर पडावेत तशी टपटप टपटप तूर. लाल, टपोरी, गेल्या हंगामातली. संपेचना. ज्या साली साठेबाजांवर धाडी पडल्या त्याच साली माझ्या एअर फिल्टरमध्ये एका उंदरानं बिनपरवाना गोदाम चालवलं होतं.

उस्तादांनी फिल्टरची जाळी रॉकेलमध्ये बुडवून खळबळली, झटकली, ऑइलचं बोट फिरवून निथळत ठेवली. तोवर एक दाणा दाताखाली धरून फोडला, आडतीवर ओल बघतात तसा.

"सुक्का माल है. भाव आयेंगा."

पैसे विचारले तर फक्त रॉकेलचे घेतले. तूर मी रुमालात बांधून आणली. दीड किलोमीटर गेलं, दोन गेले, गाडी घरापर्यंत आली, एवढंच नाही तर मी मुद्दाम औशाच्या रस्त्यानं लांबचा फेरा मारून आणली. आईनं आवाज ऐकून चहा ठेवलेला होताच.

अण्णांपुढं रुमाल सोडला. उंदराची गोष्ट सांगितली, सासरचे लोक निर्दोष आहेत हे दोनदा सांगितलं. अण्णांनी काही न बोलता आतून तराजू आणला, एका पारड्यात तूर ओतली, दुसऱ्यात वजनं टाकत गेले. काटा सरळ झाला. पाऊण किलो.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बरं. आन् बाकीची?"