ओटापारखी

प्रत्येक सोसायटीत एक तरी ओटापारखी असतो. वय साठीच्या आसपास, नोकरी बहुधा बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात झालेली आणि स्वयंपाकघराशी संबंध पाणी प्यायला आत जाण्यापुरता. कुणाच्या घरातून छिन्नी-हातोड्याचा आवाज आला की हा पायात चपला सरकवून जिना चढलाच म्हणून समजा. "ओटा काढताय वाटतं? नवीन काय टाकताय?" आपण भाबडेपणाने "ग्रॅनाइट" म्हणतो. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या रोग्याकडे डॉक्टर पाहतो तसा तो आपल्याकडे पाहतो आणि विचारतो, "ग्रॅनाइट म्हणजे कुठला?"

इथून पुढचा पाऊण तास आपला नसतो.

आधी कुळकथा येते. कडप्पा आंध्रातला, शहाबादी फरशी कलबुर्गीकडची, कोटा राजस्थानातला. "तिघंही चुनखडकाच्या घराण्यातले. आंबटाशी या घराण्याचं हाडवैर." मग आईच्या ओट्याची आठवण निघते. कडप्प्याचा ओटा, त्यावर दिवाळीच्या आधी खोबरेल तेलाचा हात फिरायचा आणि दगड आठवडाभर काळाभोर दिसायचा. पण सोलकढीची वाटी जिथे रोज ठेवली जायची तिथे पांढुरका गोल उमटला होता. "आई गेली, गोल राहिला," असं सांगताना त्याचा आवाज खरोखर जड होतो. दुसऱ्याच वाक्याला मात्र तो मोल्डिंगच्या दरावर आलेला असतो.

त्याचं खरं रूप पाहायचं तर त्याच्याबरोबर गावाबाहेरच्या मार्बलच्या गोडाऊनमध्ये जावं. घरातून निघताना तो फ्रीजमधलं एक लिंबू खिशात टाकतो. दुसऱ्या खिशात टॉर्च, थिनरची छोटी बाटली आणि इस्त्रीचा पांढरा रुमाल. गोडाऊनमध्ये घोडीवर ओळीने स्लॅब टेकवलेले असतात. शेठ नव्या गिऱ्हाइकाला म्हणून हसून "आओ साहब" म्हणतो, पण लिंबू बाहेर आलं की त्याचं हसू मावळतं. ओटापारखी एकेका काळ्या लादीच्या तुकड्यावर दोन थेंब पिळतो आणि स्टूल ओढून बसतो. अस्सल ग्रॅनाइट असेल तर लिंबू नुसतं वाळून जातं. दगड चुनखडीच्या जातीचा असेल तर तेवढ्या जागेची चकाकी उडते. मग पाण्याचा थेंब टाकून दगड किती पाणी पितो ते बघायचं. मग टॉर्च आडवा धरून केसाएवढा तडा शोधायचा. शेवटी थिनरचा रुमाल. राखाडी दगडाला काळा रंग चोळून 'जेट ब्लॅक' म्हणून खपवायची चाल त्याला पाठ आहे. रुमाल काळा झाला की तो शेठपुढे निशाणासारखा फडकावतो. शेठ म्हणतो, "धूल है साहब." या वाक्यासाठीच तो गोडाऊनमध्ये जातो, असा मला दाट संशय आहे.

कुणाच्या घरी सुनेला पांढरा संगमरवरच हवा असतो. परदेशी मालिकांतल्या स्वयंपाकघरात असतो तसा. तिथे ओटापारखी जरा मवाळ होतो, कारण सून दुसऱ्याची असते. "मकराण्याचा दगड, ताजमहालाला लागलेला. वाईट कोण म्हणेल? पण ताजमहालात कुणी फोडणी दिलेली नाही." हळद, चिंच, टोमॅटो अशी तो यादी देतो. मोह्जच्या कठीणपणाच्या मापात संगमरवर 3 च्या आसपास, त्यामुळे साधी सुरीसुद्धा त्यावर रेघ ओढते, ग्रॅनाइटवर मात्र सुरीच बोथट होते, हे तो दाखवूनही देतो. यजमानांची सुरी घेऊन. त्यातूनही पांढरं हवंच असेल तर काश्मीर व्हाइट घ्या म्हणतो आणि तो दगड मुळात मदुराईकडचा आहे हे सांगून समोरच्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ चवीने पाहतो. क्वार्ट्झचं नाव काढलेलं त्याला खपत नाही. दगडाचा चुरा रेझिनमध्ये थापलेला, गरम कढई ठेवली की डाग. विषय संपला.

रंगाच्या बाबतीत त्याचा सिद्धान्त असा की काळ्यावर कणीक दिसते, पांढऱ्यावर हळद दिसते आणि बोअरच्या पाण्याचे क्षार दोन्हींवर दिसतात. टॅन ब्राउनसारख्या ठिपक्याठिपक्यांच्या दगडावर काहीच दिसत नाही. "झुरळसुद्धा," असं त्याची बायको आतून म्हणाली होती. तेवढं वाक्य तो सोडून देतो.

एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटत आली आहे. आपलं बहुतेक राज्य बेसॉल्टच्या जाड थरांवर वसलेलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तोच आपल्या आज्यांचा पाटा-वरवंटा आणि तेच जातं. तरी ओट्यासाठी आपण आंध्र, तेलंगण, राजस्थान पालथे घालतो. हे ओटापारख्याला विचारलं तर तो म्हणाला, "बेसॉल्टला चकाकी कुठे?" पाट्याला चकाकी असती तर त्यावर चटणी वाटली गेली नसती, हे मी बोललो नाही. लिंबू अजून त्याच्या खिशात होतं.

अखेर त्याच्या स्वतःच्या घरचा ओटा बदलायची वेळ आली. इतकी वर्षं वहिनींची मागणी एकच होती, "दगड कुठलाही आणा, पण ओटा दोन इंच खाली घ्या. पोळ्या लाटताना खांदे भरून येतात." ओटापारख्याने मान डोलावली आणि दिवाळी ते पाडवा दगड पाहिले. ब्लॅक गॅलॅक्सी ठरला. ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा, काळ्यात सोनेरी कण असलेला. ते कण सोन्याचे नाहीत, ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे आहेत, हे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना कळलं. लिंबू, थिनर, टॉर्च, सगळ्या परीक्षांत दगड उतरला. मिस्त्री म्हणाला, "जुना कडप्पा पक्का आहे, कशाला तोडता? वरूनच बसवू." तोडफोडीचे पैसे वाचले म्हणून ओटापारखी खूश. ओटा दोन इंच खाली येण्याऐवजी पाऊण इंच वर गेला. वहिनी आता पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटतात.

नव्या ओट्याच्या निमित्ताने सत्यनारायण झाला. गुरुजींनी पातेल्यात दूध ठेवायला सांगितलं. नव्या ओट्यावर दूध उतू जायचं, घरात भरभराट व्हायची. बायका ओट्याभोवती जमल्या. साय वर आली, फुगली, काठाला लागली, आणि ओटापारख्याने झडप घालून गॅस बंद केला. हातात मऊ फडकं तयारच होतं.

"अहो, उतू जायलाच ठेवलंय ते!"

"अगं, जोडातून आत उतरतं. सीलर अजून ओला आहे."

"यजमान, पुन्हा पेटवा," गुरुजी पोथीतून मान वर न करता म्हणाले.

वहिनींनी गॅस पेटवला, फडकं काढून घेतलं आणि यजमानांना दक्षिणेचे सुटे आणायला वाण्याकडे पाठवलं.