पाव फेऱ्याचा प्ले

आमच्या जीपचं स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं की चाकांना निरोप पोचायचा. चाकं मग सवडीनं वळायची. मेकॅनिक लोक याला ‘प्ले’ म्हणतात. आबा म्हणायचे, ‘गाडीचा स्वभाव.’

जीप 1964 सालची, सीजे-थ्रीबी. उंच बॉनेटची. विलिसचं नवं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून कंपनीनं बॉनेटच उचललं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 ला बंद झालं, महिंद्रानं आपल्याकडं ते पुढंही बरीच वर्षं चालू ठेवलं. आमचं हरिकेन केव्हाच गेलं, त्या जागी डिझेल इंजिन आलं. बॉनेट मात्र तेवढंच उंच. इनामदारी गेली तरी पागोटं उतरत नाही, तसं.

शिवाय गाडी डाव्या स्टेअरिंगची. मागं रंगवलेलं, ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’. पुणे-नाशिक रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर उजवीकडं बसणाऱ्यानं मान बाहेर काढून समोरचं बघायचं. हे काम चाळीस वर्षं आईनं केलं. तिनं ‘घाला’ म्हटलं की आबा गाडी घालायचे, ‘थांबा’ म्हटलं की थांबायचे. घरात या दोन्ही शब्दांचा त्यांच्यावर कधी परिणाम झाल्याचं मला आठवत नाही.

तर एकदा ओतूरहून आळेफाट्याकडं येताना पुढचं एक चाक खड्ड्यात आपटलं आणि गाडीच्या अंगात आलं. पुढची दोन्ही चाकं थडथड नाचायला लागली, स्टेअरिंग आबांच्या हातात घुमायला लागलं, डॅशबोर्डवरचा गणपती खाली आला. गाडी थांबेपर्यंत हे चालू होतं. थांबल्यावर आई खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “मी एष्टीनं येते.”

मंचरला आमचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी जीपखाली पोतं अंथरलं, आडवे झाले आणि मला स्टेअरिंग हलवायला सांगितलं. मी हलवलं. खालून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “दादा, हलवा ना.” मी म्हटलं, हलवतोच आहे. “मंग हितवर येत न्हाय.”

स्टेअरिंगचा बॉक्स उघडला तेव्हा प्रकार कळला. या जुन्या बॉक्समध्ये खोबण कोरलेला एक दंडगोल असतो आणि त्या खोबणीत लिव्हरची दोन बोटं फिरतात. घासत फिरतात, हे महत्त्वाचं. माणूस गाडी जास्त करून सरळ चालवतो, त्यामुळं खोबण मध्यभागी झिजते आणि दोन्ही टोकांना नवीच राहते. वरचा स्क्रू आवळून मधला ढिलेपणा काढावा, तर वळणावर ती बोटं टोकाशी आवळून बसतात. म्हणजे सरळ रस्त्यावर शहाणी आणि घाटात अडेल, किंवा घाटात शहाणी आणि सरळ रस्त्यावर वेडी. मिस्त्रींनी दोन्हीपैकी काय पाहिजे ते विचारलं. आबा म्हणाले, “आपल्याकडं दोन्ही रस्तं हायेत.”

पुढं बेलक्रँक नावाचा प्रकार निघाला. बॉक्सपासून आलेला दांडा मधल्या एका खुंटीवरच्या तुकड्याला ढकलतो, तो तुकडा दोन टायरॉडना ढकलतो, ते चाकांना. तालुक्याच्या कचेरीत अर्ज फिरतो तसा हुकूम फिरतो, आणि प्रत्येक टेबलावर थोडा थोडा झिजतो. त्या खुंटीचं बुश म्हणजे आता नुसती आठवण होती.

नवा जुन्या पद्धतीचा बॉक्स शोधण्यापेक्षा अलीकडच्या पिकअपचा बसवू, असं मिस्त्रींचं मत पडलं. त्यात घासाघीस नाही. दांड्याच्या आट्यांत छर्रे घोळतात, सायकलच्या बेअरिंगसारखे, आणि गोल फिरून परत जागेवर येतात. भंगारातून एक मिळालाही. तो ज्या पिकअपचा होता तिनं जन्मभर नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटा वाहिल्या होत्या. आईला काळजी लागली, की जीप आता पहाटे आपणहून नारायणगावला निघेल.

मला मात्र हुरूप आला होता, कारण यात आम्ही एकटे नव्हतो. अमेरिकेत जुन्या मोटारींचे हॉट रॉड करणारी मंडळी 1932 च्या फोर्डला मोठं इंजिन घालतात, मग वेग वाढल्यावर जुनं स्टेअरिंग भरवशाचं वाटेनासं होतं, म्हणून त्याच फोर्डच्या पन्नाशीच्या दशकातल्या ट्रकचा बॉक्स आणून बसवतात. हे मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, “त्यांच्याकडं बी भंगारवाले आसत्याल.”

बसवायला आठ दिवस लागले. जीपचा जुना दांडा थेट बॉक्समध्ये उतरायचा, नव्याला मध्ये जोड लागला, तो ओम्नीच्या स्टेअरिंगचा निघाला. बॉक्सला बसायला चेसीवर जाड पट्टी आली, तिला बोल्ट. एका ठिकाणी मी वेल्डिंग सुचवलं, तेव्हा मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. स्टेअरिंगच्या कुठल्याही दांड्याला ते वेल्डिंग करत नाहीत. “सांधा रस्त्यात सुटला तर तुम्ही मला शिव्या द्यायला बी येणार न्हाय.”

नवव्या दिवशी चाचणी. मिस्त्री स्वतः बसले. गॅरेजातून बाहेर पडायला डावीकडं वळायचं होतं. त्यांनी स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. जीप उजवीकडं निघाली. त्यांनी आणखी डावीकडं फिरवलं. जीप आणखी उजवीकडं, थेट चहाच्या टपरीच्या बाकड्याकडं. बाकड्यावरच्या दोघांनी कपासकट जागा सोडली.

झालं होतं असं, की पिकअप उजव्या स्टेअरिंगची. तिचा बॉक्स उचलून आमच्या डाव्या बाजूला लावताना तो पालथा केला गेला, आणि जो हात पुढं जायला हवा तो मागं यायला लागला. मिस्त्री दोन मिनिटं स्टेअरिंगवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, “दादा, बॉक्स बेष्ट हाय. चालवनाऱ्यानं तेवढी सवय करून घेतली तर...”

आमच्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस डिश तिथं आणि आजूबाजूला पसरल्यात, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. त्यांना आकाशात जिकडं वळ म्हणावं तिकडं त्या वळतात. आणि इथं चार चाकांना टपरी चुकवता येत नव्हती. शर्यतीच्या बैलगाड्याचं बरं; पुढं घोडी धावते, मागं बैल, आणि शर्यतीचा घाट संपेपर्यंत वळायचा प्रश्नच नाही.

बेलक्रँकचा हात खुंटीच्या दुसऱ्या बाजूला घेऊन मिस्त्रींनी दिशा सरळ केली. बुशही नवं टाकलं. आता टाचणीएवढाही प्ले नव्हता. आणि खरी पंचाईत इथून पुढं सुरू झाली.

आबांनी चाळीस वर्षं ही जीप डावं-उजवं, डावं-उजवं करत सरळ चालवली होती. त्यांच्या हातांना त्या पाव फेऱ्याचा हिशोब पाठ होता. नवीन बॉक्सनं तो प्रत्येक निरोप जशाच्या तसा पोचवला. घोडेगावच्या रस्त्यानं आमची जीप नागासारखी चालली होती. समोरचे एष्टीचे ड्रायव्हर आदरानं कडेला घेत होते. चहासुद्धा न पिणारे आमचे आबा त्या आठवड्यात दोन गावांत दारुडे ठरले. घरी आल्यावर म्हणाले, “गाडी लई ऐकती. इतकं ऐकणाऱ्याबरोबर राहायची सवय न्हाय मला.” आई स्वयंपाकघरातून काही बोलली नाही, पण भांडं जरा जोरात ठेवलं.

मधल्या काळात माझं एक स्वप्न गेलं. 2021 च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, नोंदणी फी 20,000 रुपये. मी पैसेही बाजूला काढले होते. पण चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. आमचं इंजिन पाहून अधिकारी स्टेअरिंगपर्यंत पोचलाच नसता. त्यातून मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीच्या मूळ रूपात असले बदल करायला मना करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये तेच बजावलं आहे. हे मी बॉक्स बसल्यावर वाचलं. सगळी माहिती मी कामानंतरच वाचतो.

म्हणून जीप आता घर ते मळा एवढीच चालते. बांधाची वाट, दोन वळणं, एक ओढा. आबांचा हात बसायला तीन आठवडे लागले. ओढ्याशी आई अजून मान बाहेर काढून ‘घाला’ म्हणते; तिथं समोरून कधीच कुणी येत नाही.

जुना बॉक्स आबांनी भंगारात दिला नाही. ग्रीस भरून, पोत्यात गुंडाळून तो कणगीशेजारी ठेवलाय, आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडतो. कुणाच्या सीजे-थ्रीबीला पाहिजे असेल तर बघायला जरूर या. मिळणार नाही.