आउटपुट पेन्सिलने काढावे

कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाचं एक जर्नल परवा पाहण्यात आलं. त्यात लाल शाईचा शेरा होता : ‘आउटपुट पेन्सिलने काढावे.’ खाली सही, सहीखाली तारीख, आणि पोराने निळ्या पेनाने लिहिलेल्या आउटपुटवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ. प्रोग्रॅम बरोबर होता, उत्तर बरोबर होतं. चुकलं होतं ते लेखनसाहित्य.

ज्यांच्या घरात असा एखादा भावी इंजिनियर किंवा बीएस्सीवाला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोन वाजता दिवा का जळतो आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या कुठे गेल्या, हे त्यांना माहीत असतं. शेजारची काकू समजते, पोरगा कोडिंग करतोय. पोरगा रेघा मारत असतो.

जर्नलचं उजवं पान रेघांचं आणि डावं कोरं. उजवीकडे एम, थिअरी, अल्गोरिदम, प्रोग्रॅम, डावीकडे आकृती. ही वाटणी जीवशास्त्राच्या वहीतली. तिथे डाव्या पानावर बेडकाची पचनसंस्था असायची. बेडूक गेला, त्याचं पान उरलं, आणि आता त्या पानावर संगणकाला उताणा पाडून त्याचं आउटपुट काढतात. चारी बाजूंनी पट्टीने चौकट, चौकटीवर शीर्षक, शीर्षकाखाली दुहेरी रेघ. एखाद्या होतकरू मुलीने चौकटीला मॉनिटरसारखे गोल कोपरे देऊन खाली स्टँडही काढला, तर नीटनेटकेपणाचे गुण पूर्ण. प्रिंट काढून चिकटवू का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘मग तू काय शिकणार?’

पण पेन्सिलच का? बराच विचार केल्यावर मला त्यामागचं शास्त्र उमगलं. आपल्याकडचा सी भाषेतला जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ‘क्लिअर स्क्रीन’ या आज्ञेने सुरू होतो. म्हणजे पडद्यावर आधी जे काही असेल ते पुसून टाक. आता पेनाने काढलेला पडदा पुसणार कसा? पेन्सिल असली की खोडरबराने काम होतं. प्रोग्रॅमच्या शेवटी ‘गेट-सीएच’ नावाची दुसरी आज्ञा असते. तिचा अर्थ, कुणीतरी कीबोर्डवरचं एखादं बटण दाबेपर्यंत थांबून राहा. कागदावर बटणच नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या कपाटांत हजारो प्रोग्रॅम अजून कुणीतरी बटण दाबेल म्हणून तिष्ठत उभे आहेत. या दोन्ही आज्ञा सी भाषेच्या प्रमाणकात नाहीत, कधी नव्हत्या. त्या आपल्याकडे आल्या टर्बो सी नावाच्या निळ्या पडद्याच्या कंपायलरबरोबर. तो डॉसच्या जमान्यातला. आजच्या 64 बिट विंडोजवर तो चालत नाही. म्हणून बऱ्याच लॅबमध्ये नव्या कोऱ्या मशीनच्या पोटात आधी जुन्या डॉसचं सोंग उभं करतात आणि त्या सोंगात तो निळा पडदा लावतात. भाषेचं पहिलं प्रमाणक 1989 सालचं. मेन फंक्शनने ‘इंट’ परत करावा, असं त्यातही लिहिलंय. आमची जर्नलं आजतागायत ‘व्हॉइड मेन’वर ठाम आहेत. जगाने आपला हट्ट सोडावा, आम्ही वाट पाहू.

आता मुख्य प्रश्न. हे आउटपुट येतं कुठून? भोळ्या पालकांना वाटतं, मशीनमधून. ते येतं सीनियरच्या जर्नलमधून. सीनियरकडे ते त्याच्या सीनियरकडून आलेलं असतं. ही गुरुपरंपरा मागे कुठवर जाते ते कुणी शोधलेलं नाही, पण वाटेत तिच्यात एका अक्षराचाही फरक पडलेला नसतो. विद्यार्थ्याची माहिती साठवण्याचा प्रोग्रॅम असला की विद्यार्थ्याचं नाव ‘एबीसी’, रोल नंबर 1, टक्के 75. हा एबीसी कित्येक वर्षं याच वर्गात आहे. त्याला केटी लागत नाही, तो पास होऊन पुढेही जात नाही. लिंक्ड लिस्टमध्ये 10, 20, 30, 40 याच क्रमाने येतात आणि डिलीट करायचा झाला की 20च जातो. फॅक्टोरियल असला की पाचाचा. उत्तर 120. सहाचा फॅक्टोरियल काढलेला इसम मला अजून भेटायचाय.

आणि इथेच घात आहे. एखाद्या पोराने चुकून पाचाऐवजी आठ टाकले, तर टर्बो सीमधला साधा इंट उत्तर देतो : उणे 25216. खरं उत्तर 40320. पण त्या इंटला जागा दोनच बाइटांची, त्यात 32767च्या वरचा आकडा मावत नाही, आणि न मावलेला आकडा फिरून उण्यात जातो. संगणकाचं पोट केवढं असतं, आकडा त्यात कसा बसतो आणि नाही बसला तर काय होतं, हा सगळा विषय त्या एका उणे चिन्हात आहे. पोरगा दचकला असता. ‘गुणाकार करताना उणे आलं कुठून?’ असं त्याने विचारलं असतं. त्या दिवशी तो कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी झाला असता. पण त्याने विचारलं तर सांगतात काय? ‘पाच टाक.’

पाच टाक! पदवीचा सगळा अभ्यासक्रम या दोन शब्दांत बसवता येईल, आणि तोही दोन बाइटांत.

रँडम आकडे काढण्याच्या प्रोग्रॅमची गंमत तर वेगळीच. रँडम म्हणजे कुणालाही आधी सांगता येऊ नये असा आकडा. वर्गात साठ पोरं. साठ जर्नलांत तोच आकडा, त्याच जागी, त्याच पेन्सिलीने. एखाद्याने खरंच मशीनवर बसून प्रोग्रॅम चालवला आणि त्याला दुसरा आकडा आला, तर त्याच्या पानावर लाल गोल, बाजूला प्रश्नचिन्ह : ‘बाकीच्यांचा वेगळा कसा?’ रँडम आकडा सर्वांचा सारखा यावा, हा शिस्तीचा भाग आहे. त्याहून वरची पायरी म्हणजे आजची तारीख आणि वेळ दाखवण्याचा प्रोग्रॅम. त्याचंही आउटपुट पेन्सिलने, त्याचंही सीनियरच्या वहीतून. त्यामुळे ‘आजची तारीख’ म्हणून पानावर जी तारीख दिसते, त्या दिवशी हा पोरगा बालवाडीत होता. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. खाली मॅडमची सही, सहीखाली त्यांनी घातलेली खरी तारीख. एकाच पानावर दोन ‘आज’, मध्ये पंधराएक वर्षं, आणि मॅडमना त्यात वावगं काही दिसत नाही, कारण चौकट पट्टीने मारलेली आहे आणि पेन्सिल टोकदार आहे. असा प्रोग्रॅम बँकेत लावला तर व्याजाचं काय होईल, हे मॅडमना विचारण्यात अर्थ नाही. त्या दिवशी त्यांना आणखी एकोणसाठ जर्नलं तपासायची आहेत आणि त्या सगळ्यांत अकरा वाजून वीसच मिनिटं झालेली असणार. सगळ्यांच्या शेवटी निष्कर्षही तोच, की आम्ही हा प्रोग्रॅम यशस्वीपणे राबवला आणि त्याचा अभ्यास केला. अपयशी निष्कर्ष असलेलं जर्नल आजवर कुणी पाहिलेलं नाही. इतका यशाचा टक्का जगातल्या एकाही सॉफ्टवेअर कंपनीच्या नशिबी नाही.

मग अभ्यासक्रम आधुनिक झाला आणि पायथन आलं. पायथनमध्ये ओळींचे गट बांधायला महिरपी कंस नाहीत; कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे, हे ओळीच्या डाव्या बाजूला सोडलेल्या जागेवरून ठरतं. जागा चुकली की प्रोग्रॅम चुकला. ही भाषा हाताने लिहायला लावणाऱ्यांचं धैर्य मानलं पाहिजे. चार स्पेस म्हणजे किती, यावर एका वर्गात अर्धा तास चर्चा झाली आणि एक सेंटिमीटरवर एकमत झालं. तेव्हापासून पोरं पट्टी लावून पायथन लिहितात. सवयीने ओळीच्या शेवटी गरज नसलेला अर्धविरामही देतात. चुकलेली जागाही कागद मुकाट स्वीकारतो. कागदाला सगळंच चालतं, कंपायलर आणि कागद यांच्यात फरक आहे तो एवढाच.

लेखी पेपरातही हीच प्रथा. ‘आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय’ याचं उत्तर पुन्हा आयमध्येच ठेवलं तर आउटपुट काय, गुण 2. सी भाषेचं प्रमाणक म्हणतं, एकाच ओळीत असं दोनदा बदललं तर काय होईल याची हमी नाही. एक कंपायलर एक उत्तर देईल, दुसरा दुसरं देईल, आणि दोघंही निर्दोष. पेपर तपासणाऱ्याकडच्या मॉडेल आन्सरमध्ये मात्र एकच आकडा आहे आणि तो न लिहिणारा दोषी.

यावर जाणकारांचं म्हणणं असतं, ‘हाताने लिहिलं की डोक्यात जातं.’ जातं की! कागदावर विचार करणं उत्तमच. लूप एकेक फेरीने हाताने चालवून पाहावी, प्रत्येक फेरीत कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आलं ते तक्त्यात भरावं. याला ड्राय रन म्हणतात आणि तो ज्याला येतो त्याला कुठल्याही मशीनवर मरण नाही. पण जर्नलमध्ये ड्राय रनला जागा नसते. तिथे नक्कल असते, आणि नक्कल हाताने केली म्हणून ती विचार होत नाही. ड्रॉइंगच्या शीटला काचेखाली बल्ब लावून जीटी मारणारा पोरगा यंत्राचा भाग समजून घेत नसतो, रेघ कुठे जाते एवढंच पाहत असतो. आता तर सीनियरचीही गरज उरलेली नाही. चॅटबॉटला विचारलं की तो प्रोग्रॅम देतो, थिअरी देतो, मागितलं तर आउटपुटही देतो. एवढ्या अफाट यंत्रणेने क्षणात दिलेलं उत्तर पोरगा पुढे तीन तास बसून वहीत उतरवतो, आणि वर्गात अभिमानाने सांगितलं जातं की आमच्याकडे कॉपी-पेस्ट चालत नाही.

आता प्रॅक्टिकलचं ऐका. ते दोन तासांचं असतं. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण आत मशीन आहेत. हजेरी, मशीन चालू होणं, पाच नंबरचं मशीन आज बंद आहे हे कळणं, दोघांनी एका खुर्चीवर बसणं, यात अर्धा तास गेला. मग जर्नल तपासणी. टेबलापुढे रांग. इंडेक्सवर सही राहिलीय, पान नंबर घाल, आउटपुट पेनाने का, पुन्हा काढून आण. तास संपायला दहा मिनिटं उरली की सर मोठ्या मनाने म्हणतात, ‘ज्यांना रन करून बघायचंय त्यांनी बघा.’ ज्यांना बघायचंय त्यांनी! ते हौशी लोकांसाठी आहे, स्नेहसंमेलनातल्या रांगोळीसारखं.

ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याचं काहीच अडत नाही. तो कॉलेजला जर्नल देतो आणि शिकायचं ते घरी शिकतो. पण जो तालुक्याच्या गावाहून एसटीने येतो, ज्याच्या बापाने फीसाठी सोयाबीन मिळेल त्या भावात काढलं, त्याच्या हाताला लागणारा कीबोर्ड हा एवढाच. आठवड्यातले हेच मोजके तास. आणि नेमक्या त्याच तासांत आपण त्याला पट्टी-पेन्सिल देऊन बसवतो. शेवटच्या वर्षी कंपनी येते, त्याला मशीनसमोर बसवून चाचणी घेते, तो गडबडतो, बाहेर येतो. मग आपण सभागृहात परिसंवाद भरवतो, शाली देतो आणि माइकवरून सांगतो की ग्रामीण मुलांत कौशल्याचा अभाव आहे. अभाव आहे? कौशल्य यायला लागलं होतं तेव्हा तुम्हीच त्याला रांगेत उभं केलं होतंत, सहीसाठी!

शिकवणाऱ्यावर सगळा राग काढण्यातही अर्थ नाही. तासावर पैसे घेणारा सीएचबीचा मास्तर स्वतः चार कॉलेजं करतो. त्याला सांगितलेलं असतं की समिती येणार आहे, कपाट भरलेलं दिसलं पाहिजे. समितीला चाललेला प्रोग्रॅम दिसत नाही, फाइल दिसते. चाललेला प्रोग्रॅम मोजता येत नाही, फाइल मोजता येते. म्हणून पोरं लिहितात, मास्तर सह्या करतो, शिपाई गठ्ठे बांधतो, समिती कपाटाचं दार उघडते, मान डोलावते आणि जेवायला जाते. या अख्ख्या साखळीत एकानेही मशीनला हात लावलेला नसतो. विजेची बचत म्हणून याचं कौतुक झालं पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते नोटीस बोर्डावर लिहा. परीक्षेला पोराने मशीनसमोर बसावं, चालू प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने बिघडवून दाखवावा, तो का बिघडला ते सांगावं आणि पुन्हा उभा करावा. ज्याला बिघडवता आला नाही त्याला केटी. यावर आक्षेप एकच येईल, की बिघडलेल्या प्रोग्रॅमची फाइल कपाटात कशी लावायची? लावू नका. कपाट भंगारात काढा आणि त्या जागेत आणखी दोन मशीन बसवा.