सोलो, सहकुटुंब

पुणे ते कन्याकुमारी सायकलवर एकट्याने जायला किती माणसं लागतात? कमीत कमी तीन. मुलगा गाडी चालवायला, बायको काय कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवायला आणि आई, कारण तिला एवढे दिवस घरी एकटीला कसं ठेवायचं?

पन्नाशीतले हे सोलो वीर टाळेबंदीनंतर फार वाढले. सुरुवात दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन पोहे खाण्याने होते. मग चड्डीला आतून पॅड लागतं, मग बुटाला क्लीट, आणि एक दिवस सायकलची किंमत घरात निम्मीच सांगितली जाते. पुढची पायरी बीआरएम, म्हणजे वेळेच्या बंधनातली लांब पल्ल्याची सायकलफेरी. 200 किलोमीटर, साडेतेरा तास. तिथले नियम फार निर्दयी. कंट्रोल पॉइंट सोडून वाटेत बाहेरची मदत चालत नाही. म्हणजे बायकोने मधेच गाडी थांबवून शिऱ्याचा डबा पुढे केला की झालात बाद. यातल्याच आमच्या एका स्वारीला हा नियम भारतीय संस्कृतीच्या विरोधात वाटला.

मग रेस अक्रॉस अमेरिकेचा दाखला निघाला. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 साली ती दोघांच्या संघातून पुरी केली. 2017 साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी एकट्याने. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर, सोलो स्वाराला मुदत बारा दिवसांची. "आणि त्यांच्याही मागे क्रूची गाडी होतीच!" हे वाक्य स्वारीने जेवणाच्या टेबलावर असं काही टाकलं, की आमटी वाढता वाढता बायको क्रू झाली. मुलाची सुट्टीही त्यातच गेली.

पहिला दिवस पुणे ते सातारा, साधारण 110 किलोमीटर. निघायचं पहाटे साडेचारला. स्वारी साडेचारला तयार. म्हणजे हेल्मेट, हातमोजे, पुढचा पांढरा दिवा आणि मागचा लाल दिवा लावून पार्किंगमध्ये उभी. फक्त दिव्यांचं चार्जिंग कुठे ठेवलंय, ओआरएसची पाकिटं घेतली का आणि "माझा चष्मा?" हे तीन प्रश्न वर, तिसऱ्या मजल्याकडे बघून विचारायचे राहिले होते. सोसायटीतल्या काकूंनी ओवाळलं. नारळ वाढवला गाडीपुढे, कारण सायकलचं चाक त्याने फुटेल असं आईचं मत पडलं.

कात्रजचा चढ मजेत गेला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर सायकल फुकट सुटली, मागच्या गाडीचा फास्टॅग वाजला. स्वारी मागे वळून म्हणाली, "बघ, शून्य खर्च!" बायकोने काही न बोलता काच वर केली.

खरी हकिगत शिरवळच्या अलीकडची. सायकलचं वजन कमी ठेवायचं म्हणून पंप, जादा ट्यूब, टायर लिव्हर, सगळा सरंजाम गाडीत टाकलेला. एवढ्याने सायकल सातशे ग्रॅमने हलकी झाली होती. स्वतःच्या ब्याऐंशी किलोंचा विषय निघालाच नव्हता. आणि नेमकं मागचं चाक बसलं. गाडी कुठे? पुढे. आईला चहा हवा होता. फोन लागेना. शेजारी ट्रकांचं पंक्चर काढणारा एक पोरगा होता. त्याने कॉम्प्रेसरची नळी हातात घेतली, ट्यूबच्या बारीकशा व्हॉल्व्हकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "सायेब, ह्यात हवा भरायची कुठनं?"

"हा प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे. याला अडॅप्टर लागतो."

"मग लावा की."

"गाडीत आहे."

पोरगा सायकलभोवती एक फेरी मारून आला. "केवढ्याची?" स्वारीने निम्मी किंमत सांगितली. तेवढीही ऐकून पोरगा म्हणाला, "एवढ्यात मोटरसायकल आली असती की."

पाऊण तासाने क्रू परत आला. मिसळ खाऊन आला होता, हे मुलाच्या शर्टावर लिहिलेलं होतं. पुढे खंबाटकी. वर्षानुवर्षे इथे पुण्याला येणाऱ्याला बोगदा आणि साताऱ्याला जाणाऱ्याला घाट, असा न्याय होता. स्वारीने तो चढ खाली उतरून, सायकल हाताने ढकलत पार केला. 'फोटोसाठी थांबलो होतो' असं नंतर ग्रुपवर सांगायचं ठरलं. गाडी तेवढ्यात पुढच्या वळणावर. काचेतून हात बाहेर, हातात राजगिऱ्याचा लाडू, आणि आईचा आवाज: "अरे, बस ना गाडीत घाटापुरता! कोण बघतंय?"

मला विचाराल तर मोहिमेतला खरा मोह हाच. तो टाळला, एवढं श्रेय स्वारीला द्यायलाच हवं. लाडू मात्र दोन घेतले.

साताऱ्यात लॉजवर पोचल्यावर स्वारीने पाय भिंतीला वर लावले आणि स्ट्राव्हा ॲपवर नोंद केली: 'दिवस पहिला. सोलो.' बायको बेसिनमध्ये स्वारीची जर्सी पिळत होती. मुलगा झोपला होता. आई चष्मा लावून नकाशा बघत बसली होती.

"कोल्हापूर उद्याच ना? मग अंबाबाई झालीच. परवा जोतिबा करू."

"आई, परवा आपण बेळगावच्या पुढे असू."

"तू हो पुढे सायकलवर," आई म्हणाली. "आम्ही येतो मागून दर्शन घेऊन. आणि हे गोकर्ण किती आत पडतं रे?"

"पंप तेवढा माझ्याकडे देऊन ठेवा," स्वारी म्हणाली.