तपासणीविरोधी प्रवासी

रेल्वेच्या आरक्षित डब्यांतून फिरणाऱ्या सुशिक्षित मराठी माणसांमध्ये ‘तपासणीविरोधी’ असा एक स्वतंत्र वर्ग मानावा लागतो. एका तिकिटावर कितीही माणसे असोत, त्यांपैकी निदान एकाजवळ तरी मूळ ओळखपत्र हवे, नाहीतर ती सगळीच विनातिकीट ठरतात, हा नियम डिसेंबर २०१२ पासून सर्व आरक्षित वर्गांना लागू झाला. भलत्याच नावाची तिकिटे विकणाऱ्यांना त्यामुळे चाप बसतो, हे या गृहस्थांना मान्य असते. तरीही टीसी, म्हणजे तिकीट तपासनीस, पुढ्यात उभा राहिला की ‘पैसे मोजलेत ना, मग आम्ही कोण याच्याशी रेल्वेला काय कर्तव्य?’ असे ते विचारतातच. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाचा दाखला देता देता ते प्लास्टिकच्या पिशवीतून आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र अशी चळत बाहेर काढतात, तोवर टीसी पुढच्या बर्थवर पोचलेला असतो. विमानतळावरील ‘डिजियात्रा’, म्हणजे प्रवाशाचा चेहराच त्याची ओळख मानणारी ऐच्छिक सोय, तर त्यांना मुळीच खपत नाही. आपले तोंड यंत्राने का ओळखावे, ही त्यांची शंका रास्तच आहे.

मात्र महालक्ष्मी एक्सप्रेसने कल्याण सोडले की हेच गृहस्थ समोरच्या बाकाची तपासणी हाती घेतात. ‘आपण कुठले?’ या प्रश्नाला ‘ठाण्याचे’ हे उत्तर त्यांच्या लेखी ग्राह्य नसते. मूळ गाव, म्हणजे उत्तर देणारा ज्या गावी बहुधा कधी राहिलेलाच नसतो ते गाव, वदवून घेतल्यावाचून त्यांचे समाधान होत नाही. आडनाव कळल्यावर कुलदैवत आणि आजोळ, चिरंजीव कुठे असतात, पॅकेज काय आणि फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, एवढी माहिती कर्जतला घाटासाठी मागून इंजिने जोडली जाईपर्यंत गोळा झालेली असते. या चौकशीला नकार देण्याची सोय नसते, कारण गप्प बसणाऱ्यास शिष्ट म्हणतात, आणि वरच्या बर्थवर झोपेचे सोंग घेतलेल्यालाही ‘काय हो, तुम्ही मिरजेलाच उतरणार ना?’ असे हलवून विचारले जाते. समोरच्यांची भाची लग्नाची आहे असे निष्पन्न झाल्यास, मघाशी टीसीपुढे धरताना जिवावर आलेले ते आधारकार्ड पत्ता उतरवून घेण्यासाठी आपणहून त्यांच्या हाती दिले जाते आणि फोटो काढून घ्या म्हणून आग्रहही होतो.