सोपा नंबर, अवघड माणूस

ज्याच्या मोबाइल नंबराच्या शेवटी पाच आठ ओळीने उभे असतात, तो एक तर बिल्डर असतो, नाहीतर भावी नगरसेवक. बीएसएनएल असे ‘फॅन्सी’ नंबर चक्क लिलावात विकते. म्हणजे तुमच्या लक्षात राहण्यासाठी या गृहस्थांनी आधीच पैसे मोजलेत; ते वसूल कुणाकडून होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. (त्याचाही नंबर तसलाच असतो.) उलट प्लंबरचा नंबर साक्षात बृहस्पतीलाही पाठ होणार नाही. माणूस प्रामाणिक, फक्त फोन उचलत नाही.

तरीही सोप्या नंबरावर सरसकट संशय नको. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा भामटा लिलावाच्या भानगडीत पडत नाही. साध्यासुध्या दहा आकड्यांवरूनच तो गंडा घालतो. म्हणून तर बँकांच्या सेवा-कॉलसाठी १६००ने सुरू होणारी वेगळी मालिका ठरवावी लागली. जाहिरातवाल्यांना १४० मिळाली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी सरकारने मात्र अगदी सोपा नंबर दिलाय: १९३०. संशय घ्यायचा राहून गेला, की तो लावायचा.